जोडडिस्क आणि खेळाचा वेग : प्रस्तावना

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुना कागद शोधण्याचे काम ज्याने एकदा तरी केले आहे त्यास हे सांगावे लागत नाही की, कागद वाचण्यास लागणारा वेळ हा त्या कामाचा अगदी लहानसा हिस्सा असतो. खरा वेळ जातो तो नेमका रुमाल कोणत्या फळीवर आहे हे पाहून तेथवर पोहोचण्यात, त्याची गाठ सोडण्यात, आणि शेदोनशे कागदांच्या गठ्ठ्यातून आपल्याला हवा तो कागद हाती येईपर्यंत धीर धरण्यात. संगणकातील हार्ड डिस्क हे असेच एक दफ्तर आहे. तिच्या पेटीत चकचकीत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेत असतात, त्यांच्यावर एक धातूचा बाहू इकडून तिकडे सरकत असतो, आणि त्या बाहूच्या टोकाशी असलेले हेड माहिती वाचते. बाहूस इष्ट वर्तुळावर जाऊन स्थिर होण्यास सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. तेथे पोहोचल्यावर हवा तो भाग फिरत फिरत हेडखाली येण्याची वाट पाहावी लागते, आणि एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागत असल्यामुळे ही वाट सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे ४.१७ मिलिसेकंदांची पडते. एवढे तेरा मिलिसेकंद खर्ची पडेपर्यंत एक अक्षरही वाचून झालेले नसते. त्यानंतर सेकंदाला ६० एमबी या वेगाने ६४ केबीचा तुकडा उचलावयाचा झाला, तर त्यास जेमतेम एक मिलिसेकंद लागतो.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय असलेली स्ट्रायपिंगची युक्ती, जिला मी येथून पुढे पट्टेवाटणी म्हणणार आहे, ती या चौदा मिलिसेकंदांपैकी कोणत्या हिश्शावर चालते आणि कोणत्या हिश्शास स्पर्शही करीत नाही, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तिच्याविषयीचे सारे गैरसमज आपोआप निवळतात. आणि ते निवळावेत एवढ्याच हेतूने ही प्रस्तावना मी काहीशी विस्ताराने लिहीत आहे.

युक्ती मुळात सोपी आहे. दफ्तरात एकाऐवजी दोन कारकून नेमावेत, आणि प्रत्येक दस्तऐवजाची पाने अशी वाटावीत की पहिले, तिसरे, पाचवे पान एकाच्या ताब्यात राहावे आणि दुसरे, चौथे, सहावे दुसऱ्याच्या. हजार पानांची बखर मागितली तर दोघे एकाच वेळी आपापली पाचशे पाने पुढे करू लागतील आणि काम निम्म्या वेळात उरकेल; परंतु चार ओळींची चिठ्ठी मागितली तर ती कोणातरी एकाच्याच ताब्यात असणार, त्यास फळीपर्यंत जावेच लागणार, आणि दुसरा कारकून जवळ असून नसल्यासारखा उभा राहणार. डिस्कांच्या बाबतीत ‘पान’ म्हणजे ठरीव मापाचा पट्टा; तो बहुधा १६ पासून १२८ केबीपर्यंत ठेवता येतो. लागोपाठचे पट्टे आळीपाळीने दोन डिस्कांवर पडतात, आणि वापरणाऱ्यास मात्र दोन्ही मिळून दुप्पट क्षमतेची एकच डिस्क दिसते.

या कल्पनेचा उगम खेळात नाही, हे खेळणाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. १९८६ साली केनेथ सेलम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी डिस्क स्ट्रायपिंग याच नावाचा निबंध लिहिला. आणि १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी आपला तो सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला, ज्यातून ‘रेड’ हे नाव जगास मिळाले. त्यांचे म्हणणे असे होते की, आयबीएमच्या ३३८० सारखी ७,५०० एमबीची एक अवाढव्य व महागडी डिस्क घेण्याऐवजी वैयक्तिक संगणकांसाठी बनणाऱ्या १०० एमबीच्या स्वस्त डिस्कांची फौज उभी करावी. परंतु या प्रस्तावासोबतच त्यांनी जो हिशेब मांडला तो मला त्या निबंधाचा गाभा वाटतो. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले तर तशा शंभर डिस्कांच्या समूहात पहिली डिस्क निकामी होण्यास सरासरी ३०० तास, म्हणजे दोन आठवड्यांहूनही कमी काळ लागेल. सबब जादा प्रतीची किंवा ताळ्याची तरतूद केल्याखेरीज असा समूह व्यवहारात निरुपयोगी ठरेल. म्हणूनच ‘रेड’ या नावातील पहिले अक्षर, रिडंडंटचे ‘आर’, हे जादा तरतुदीचे आहे, आणि म्हणूनच त्यांनी सांगितलेले प्रकार एकपासून पाचपर्यंत आहेत. शून्य हा प्रकार त्यांच्या यादीत नाही. ज्यात जादा प्रत नाही, ताळा नाही, केवळ वाटणी आहे, त्या व्यवस्थेस पुढे रेड झीरो हे नाव पडले. त्यातील शून्य म्हणजे सुरक्षिततेची शून्य तरतूद, असा अर्थ वाचकाने मनात पक्का करून ठेवावा.

या शून्याचे आकर्षण घराघरांतील संगणकांपर्यंत पोहोचले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी. २००० सालच्या सुमारास अॅबिटच्या केटी७-रेड सारख्या मदरबोर्डांवर हायपॉइंटची रेड चिप येऊ लागली, २००३ साली इंटेलने आपल्या आयसीएच५आर या चिपमध्येच ही सोय केली, आणि त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलने मिनिटाला १०,००० फेरे घेणारी रॅप्टर ही डिस्क सामान्य ग्राहकांच्या बाजारात आणली. जे यंत्र तोवर बँकांच्या आणि विद्यापीठांच्या थंडगार खोल्यांत नांदत होते ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत काउंटरवर मिळू लागले. त्या काळी ही जोडणी करणे हा एक विधीच होता. आयडीईच्या रुंद पट्टीवजा केबली असत तोवर दोन डिस्क एकाच केबलवर लावून चालत नसे, कारण मग दोघींस एकच वाट आळीपाळीने वापरावी लागे आणि वाटणीचा हेतूच फसे. साटा केबली आल्यावर ही अडचण मिटली. पुढे बायोसमध्ये रेडचा पर्याय चालू करावयाचा, संगणक सुरू होताना, इंटेलच्या चिपवर, कंट्रोल आणि आय ही बटणे दाबून जोडी बांधावयाची, आणि मग विंडोज एक्सपी घालताना पडद्याच्या तळाशी काही क्षणच झळकणारी ती सूचना येताच एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी पुढे करावयाची. तो क्षण हुकला तर एक्सपीस डिस्क दिसतच नसे आणि सारे प्रथमपासून आरंभावे लागे.

इतके सायास करून हाती काय येई? प्रथम ज्या ठिकाणी लाभ निर्विवाद आहे ते सांगतो. सलग रचलेली ६०० एमबीची फाइल सेकंदाला ६० एमबी देणाऱ्या एका डिस्कवरून वाचावयास दहा सेकंद लागत असतील, तर जोडीवरून ती पाचाच्या आसपास येते, आणि हे नुसत्या गणितात नव्हे, प्रत्यक्ष घड्याळातही दिसते. मोठ्या चित्रफितींचे संकलन करणारे, शेकडो मार्गांचे ध्वनिमुद्रण एकदम वाचणारे, यांस पट्टेवाटणीने खरोखर उपकृत केले आहे. आता दुसरी बाजू. वर सांगितलेला ६४ केबीचा तुकडा दोन डिस्कांवर निम्मा निम्मा पडलेला असेल, तर वाचनाचा एक मिलिसेकंद अर्ध्यावर येतो हे खरे. तथापि काम पुरे होण्यासाठी दोन्ही हेडांखाली आपापला भाग यावा लागतो, आणि दोन तबकड्या एकमेकींच्या तालात फिरत नसल्यामुळे जिला उशीर होईल तिच्यासाठी थांबणे प्राप्त होते. एका डिस्कची सरासरी वाट अर्ध्या फेऱ्याची; स्वतंत्रपणे फिरणाऱ्या दोघींपैकी उशिरा येणारीची सरासरी वाट मात्र दोन-तृतीयांश फेऱ्याची, म्हणजे ४.१७ ऐवजी ५.५६ मिलिसेकंद. अर्धा मिलिसेकंद वाचविण्यासाठी जवळजवळ दीड मिलिसेकंद मोजावा लागला, असा हा व्यवहार आहे. पट्ट्याचे माप अतिशय लहान ठेवण्याचा मोह का टाळावा याचे कारण एवढेच. तुकडा एकाच डिस्कवर राहील इतका पट्टा रुंद असलेला बरा.

बाहूची ही मंद चाल यंत्राच्या प्रकृतीतच आहे. १९५६ सालच्या आयबीएम रॅमॅकमध्ये, जी जगातील पहिली बाजारात आलेली डिस्कप्रणाली, पन्नास लाख अक्षरे मावत आणि हवी ती जागा गाठण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पन्नास वर्षांनी घरगुती ८० जीबीच्या डिस्कमध्ये त्याच्या सोळा हजार पट अक्षरे मावू लागली. शोधाचा वेळ मात्र सत्तर पटीनेही कमी झाला नाही. क्षमता हा सूक्ष्मतेचा प्रश्न होता, म्हणून ती वाढत गेली. बाहूस वजन आहे आणि त्यास सरकावे लागते, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न होता, आणि तेथे मनुष्याची हिकमत फार पुढे जाऊ शकली नाही.

साहजिकच, अमेरिकेतील परीक्षक आनंद लाल शिंपी यांनी २००४ च्या जुलैत ७४ जीबीच्या दोन रॅप्टर जोडून घरगुती वापराच्या आणि खेळांच्या कसोट्या घेतल्या तेव्हा, कृत्रिम मोजमापांत भरघोस दिसणारा वेग प्रत्यक्ष वापरात जवळजवळ जाणवतच नाही, आणि घरच्या संगणकावर या जोडीस स्थान नाही, असा त्यांनी निर्णय दिला. हा निर्णय त्या वेळी पुष्कळांस रुचला नाही. मलाही रुचला नव्हता.

म्हणूनच पुढल्या वर्षी, २००५ च्या उन्हाळ्यात, मी लॅमिंग्टन रोडवरून ८० जीबीच्या दोन सारख्या डिस्क आणल्या होत्या आणि ६४ केबीचे पट्टे पाडून त्यांची जोडी बांधली होती. हाफ-लाइफ २ हा खेळ तेव्हा नवा होता; एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना पडद्यावर ‘लोडिंग’ हा शब्द उमटे आणि हाताशी आलेली सारी उत्कंठा तेथे अडकून पडे, ती अडकू नये ही माझी इच्छा होती. प्रतीक्षा काही अंशी कमी झालीही. परंतु त्याच जोडीवर मी खेळांसोबत आणखी एक वस्तू ठेवली होती. माझ्या आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आमच्या थोरल्या बंधूंनी कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. फीत चिकटू लागली म्हणून मी त्या संगणकावर उतरविल्या, आणि आता त्या सुरक्षित झाल्या अशा समजुतीने कॅसेट ठेवली नाही. आत्या तोवर निवर्तली होती. दुसऱ्या पावसाळ्यात एके रात्री एका डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला आणि सकाळी जोडी नाहीशी झाली. दुसरी डिस्क पूर्णपणे धडधाकट होती. एका जाणकार स्नेह्याने तिच्यावरून जे निघेल ते काढून दिले, आणि ते ऐकले तेव्हा पट्टेवाटणी म्हणजे काय हे मला प्रथमच पुरते कळले. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने साठवलेल्या आवाजाचा ६४ केबीचा पट्टा म्हणजे चार सेकंद. चार सेकंद आत्याचा आवाज, जात्याची घरघर, आणि मग एकदम चार सेकंदांपुढची उडी. पुन्हा चार सेकंद, पुन्हा उडी. एकाही ओवीचे दोन्ही चरण धड उरले नाहीत. कारकून एक जळाला तरी दुसऱ्याजवळची पाचशे पाने शाबूत असतात, पण ती एकाआड एक पाने असतात.

हिशेबाच्या भाषेत हीच गोष्ट अशी मांडता येईल. केवळ उदाहरणादाखल, एक डिस्क वर्षभरात निकामी होण्याची शक्यता शंभरात तीन धरली, तर दोघींच्या जोडीत काही तरी बिघडून सर्वस्व जाण्याची शक्यता ५.९ टक्के होते, आणि चौघींच्या समूहात ११.५ टक्के. वेग दुप्पट व्हावा म्हणून आपण जोखीमही जवळजवळ दुप्पट पत्करतो, हा करार आहे. आणि तो डोळे उघडे ठेवून करण्यात काही गैर नाही, जर जाणारी वस्तू पुन्हा मिळण्याजोगी असेल. खेळ पुन्हा उतरविता येतो.

खेळाच्या बाजूने पाहिले असता आणखी एक विवेक करणे जरूर आहे. पडद्यावर सेकंदास किती चित्रे उमटतात हे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते. डिस्कांची जोडी कितीही वेगवान केली तरी तेथे भर पडत नाही, फक्त विस्तीर्ण प्रदेश चालता चालता उलगडत जाणाऱ्या खेळांत अधूनमधून बसणारा हिसका कमी होऊ शकतो. आणि ज्यास आपण लोडिंग म्हणतो तेही केवळ डिस्कवरील वाचन नव्हे. डूम ३ मधील फाइली झिप पद्धतीने दाबून बांधलेल्या असत, त्या उलगडण्याचे काम प्रोसेसराचे. प्रतीक्षेचे खरे कारण किती अनपेक्षित ठिकाणी दडलेले असू शकते याचा दाखला म्हणून मी ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइनचा उल्लेख करीन. तो खेळ सुरू होण्यास वर्षानुवर्षे कित्येक मिनिटे लागत असत, आणि त्यावर उपाय म्हणून लोकांनी किती डिस्क बदलल्या असतील याची गणती नाही. २०२१ साली एका स्वतंत्र प्रोग्रॅमरने छडा लावला तेव्हा आढळले की, सुमारे दहा एमबीची एक यादी वाचताना प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीगणिक उरलेल्या सबंध मजकुराची लांबी नव्याने मोजत होता. त्याने ही आणि जोडीची आणखी एक चूक सुधारताच त्याच्या यंत्रावरील सहा मिनिटे एक मिनिट पन्नास सेकंदांवर आली. डिस्क तीच राहिली होती. खेळाच्या निर्मात्यांनी ती दुरुस्ती स्वीकारली आणि त्यास दहा हजार डॉलरचे पारितोषिक दिले.

उलटपक्षी, डिस्कच्या मंद बाहूसाठी खेळ बनविणाऱ्यांनी स्वतः केलेल्या तजविजीही तितक्याच लक्षणीय आहेत. शोधाचा वेळ वाचावा म्हणून एकच वस्तू डिस्कवर जागोजागी पुन्हा पुन्हा लिहून ठेवण्याची रीत त्यांनी पाडली. सोनीचे मार्क सर्नी यांनी २०२० सालच्या आपल्या व्याख्यानात सांगितले की, स्पायडरमॅनच्या खेळात काही वस्तूंच्या चारशे प्रती डिस्कवर होत्या. रस्त्यावरील एक पेटी चारशे वेळा लिहिली, म्हणजे शहरातील कोणताही भाग वाचताना ती शेजारीच सापडावी! मला या तजविजीत एक प्रकारची माया दिसते. खेळणाऱ्याचे काही मिलिसेकंद वाचावेत म्हणून कोणीतरी एवढा खटाटोप केला होता.

बाहूच्या या जाचातून सुटका केली ती एसएसडीने. इंटेलची एक्स२५-एम ही २००८ साली आली. तीत फिरणारी तबकडी नव्हती, सरकणारा बाहू नव्हता, आणि इष्ट जागा गाठण्याचा वेळ एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता. कित्येक वर्षे लोकांनी डिस्क जोडून जे साधण्याचा प्रयत्न केला ते एका डिस्कने न जोडता साधले. परंतु येथे एक गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते, कारण ती बहुधा सांगितली जात नाही. एक्स२५-एमची पेटी उघडली तर आत फ्लॅश स्मृतीच्या चिपांकडे जाणाऱ्या दहा समांतर वाहिन्या होत्या, आणि नियंत्रक चिप येणारी माहिती त्या दहांवर तुकडे पाडून वाटत होती. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ मध्ये अशा बारा वाहिन्या आहेत आणि त्यांच्या बळावर सेकंदाला ५.५ जीबी कच्ची माहिती वाहते. म्हणजे पट्टेवाटणी निवृत्त झाली असे ज्यांस वाटते, त्यांच्या संगणकातील एसएसडी या क्षणीही तेच काम करीत आहे. शोधाचा वेळ जवळजवळ नाहीसा झाल्यावर रुंदीचे मोल वाढले, आणि सेलम व गार्सिया-मोलिना यांची कल्पना बाहूविना अधिकच फळास आली.

मग आज, दोन फिरत्या डिस्क जोडण्याचे पुस्तक लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने निःसंशय आधी एसएसडी घ्यावी आणि ऑपरेटिंग सिस्टीम तीवरच ठेवावी. परंतु एकेक खेळ शंभर जीबीच्या पुढे गेलेला असताना, आणि घरोघरी दोन-चार धडधाकट डिस्क धूळ खात पडलेल्या असताना, त्यांची जोडी करून तीवर खेळांचे कोठार ठेवणे हा शहाणपणाचा आणि काटकसरीचा उपाय आहे. आजची ७,२०० फेऱ्यांची एक मोठी डिस्क बाहेरच्या वर्तुळांवर सेकंदाला २०० एमबीच्या घरात देते. दोघींचे मिळून जे होते ते मोठ्या फाइलींपुरते तरी साध्या साटा एसएसडीच्या फार मागे राहत नाही. ज्यांस २००४ सालचा संगणक त्याच काळच्या सामग्रीने पुन्हा उभा करावयाचा आहे अशा हौशी मंडळींसाठी तर एक सबंध प्रकरण येथे राखून ठेवले आहे, एफ६च्या त्या फ्लॉपीसह.

पुढील प्रकरणांत डिस्कांची निवड, केबलींची मांडणी, बायोस, विंडोजमधील स्ट्राइप्ड व्हॉल्यूम, लिनक्सवरील एमडीएडीएम, पट्ट्याच्या मापाची कसोटी आणि बिघाडाची लक्षणे असा क्रम ठेवला आहे. तो वाचकाने आपल्या गरजेप्रमाणे पुढेमागे केला तरी चालेल. मात्र दुसऱ्या प्रकरणास हात घालण्यापूर्वी माझी एक विनंती त्याने अवश्य मान्य करावी: ज्या डिस्क जोडावयाच्या आहेत त्या एकदा संगणकावर उघडून पाहाव्यात, त्यांवरील घरच्या माणसांचे फोटो, आवाज आणि कागद शोधून काढावेत, ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत, त्या दोन्ही प्रती उघडून ऐकून पाहून खात्री करावी, आणि मूळ कॅसेट किंवा वही घरात असेल तर ती टाकू नये.